न भाजलेला राब

फाल्गुन सरत आला की आमच्याकडच्या उतारांवर राब भाजायला लागतात आणि मला एका बाईचा हेवा वाटायला लागतो. दरवर्षी, न चुकता. बाई पुण्याला परत गेली त्याला दहा वर्षं होऊन गेली. तिचं पुस्तक आलं, ती परदेशात भाषणं करून आली, दिवाळीला मला आठवणीनं शुभेच्छापत्र पाठवते. तिनं माझं काहीही वाकडं केलेलं नाही. तरी जव्हारच्या डेपोतून मोखाड्याची एस.टी. सुटते, गाव मागं पडतं न पडतं तोच तो शेणकट, करपट धूर खिडकीतून आत येतो आणि माझं जुनं दुखणं उठतं. शेजारचा प्रवासी नाकाला रुमाल लावतो. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत बसतो.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेताच्या एका तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या, धावड्याच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे टाहाळ, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर मातीचा हलका थर. हे सगळं वाळलं की पेटवायचं. पेटवायचं तेही वाऱ्याच्या शेपटाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सरकत हळूहळू येते आणि माती खोलवर भाजते. वाऱ्याबरोबर लावली तर वरचं गवत भुर्रकन जळून जातं आणि खालची भुई थंडच राहते. भाजलेल्या भुईत गवताचं बी मरतं, भाताचं आणि नाचणीचं रोप तरारून येतं. आमच्याकडे हे शहाण्याला शिकवावं लागत नाही आणि वेड्यालाही ठाऊक असतं. पण बाहेरून आलेल्या प्रत्येक साहेबाला ते रानटीपणाचं वाटत आलंय. हिरव्या फांद्या तोडायच्या आणि जाळायच्या, ही कसली शेती!

त्या साली मी जव्हारला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवत होतो. शनिवार-रविवार साखरशेतच्या पुढे आमच्या पाड्यावर बा कडे, म्हणजे वडिलांकडे, जायचो. आई आधीच गेलेली. मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं आणि विषय चांगला दीड ओळीचा होता: इंग्रजी अमदानीच्या शेवटच्या काळात विकास आणि आधुनिकता यांच्या कल्पना, जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात. हे नाव मी पाठ केलं होतं आणि स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की एका दमात म्हणून दाखवायचो. आमच्या घरात चौथीच्या पुढे गेलेला मी पहिला. त्यामुळे हा विषय माझाच, हे जंगल माझं, हे साहेब माझे, असं मला मनापासून वाटत असे. बानं एकदा विचारलं, "म्हंजे तू काय शोधतोस?" मी म्हणालो, साहेबलोकांच्या वेळी सुधारणा म्हणजे काय वाटायचं लोकांना, ते. बा म्हणाला, "बरा आहा," आणि दोर वळत राहिला.

लोकांना काय वाटायचं हे काढण्यासाठी मी एक प्रश्नपत्रिका केली होती. झेरॉक्स करून, पॅडला लावून, पँटशर्ट घालून मी पाड्यापाड्यांवर जायचो. पहिला प्रश्न होता, विकास म्हणजे काय असे आपणास वाटते? आपल्याच माणसांना मी हा प्रश्न शाळेतल्या मराठीत विचारायचो, कारण घरच्या बोलीत विचारला तर संशोधन होत नाही अशी माझी पक्की समजूत. लोक माझ्याकडे, मग पॅडकडे बघत. पॅड घेऊन येणारा माणूस प्रकल्प कार्यालयाचाच असतो हे त्यांना अनुभवानं माहीत. वांगणीला एका म्हातारीला मी साहेबाच्या काळातले रस्ते आठवतात का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "रस्ता नाय, लिव. हातपंप मोडलाय, तो पण लिव. आन माझी निराधाराची डोल चार महिनं आली नाय, ती वर लिव, पयली." मी लिहून घेतलं. काय करणार? अशा पंचावन्न कागदांवर पंचावन्न हातपंप जमा झाले होते आणि आधुनिकता एकाही कागदावर नव्हती.

आणि मग मृणाल आली.

पुण्याहून आली, पाठीवर पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात टेपरेकॉर्डर. तिचाही विषय जवळपास हाच. माझ्या मार्गदर्शकांनीच चिठ्ठी देऊन तिला माझ्याकडे पाठवली होती आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, की तिला मदत करा, तुम्हालाही तिच्याकडून पद्धतशीर कामाचं वळण कळेल. हे वाक्य मी त्या दिवशी चारदा वाचलं. चारही वेळा नाकाला मिरच्या झोंबल्या. ती मला सर म्हणायची, मी तिला मॅडम म्हणायचो. वयानं ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान होती.

खरं म्हणजे तिच्यात राग येण्यासारखं काहीच नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग यायचा. ती कोरा चहा तोंड वाकडं न करता प्यायची. ओट्यावर बसायची ती फतकल मारून, बायकांत मिसळून. मोहाची फुलं वेचायला पहाटे त्यांच्याबरोबर गेली, दहा वाजता परतली तर ओढणी फुलांनी भरलेली आणि बायका तिला नाव विचारून विचारून हसत होत्या. ती काही विचारतच नसे. टेप चालू करून बसायची आणि लोक बोलायचे. माझ्या पंचावन्न घरांत ज्यांनी हातपंप लिहायला लावले, तेच म्हातारे तिला साहेबाच्या घोड्याचा रंग सांगत होते. मी बाजूला बसून तिला शब्दांचे अर्थ सांगायचो. दुभाष्या. माझ्याच गावात.

माझ्याकडे एक गोष्ट मात्र अशी होती जी तिच्याकडे नव्हती. मुंबईच्या एका जुन्या दफ्तरात धूळ खात बसलो असताना मला राबाविषयीची एक फाईल सापडली होती. कुण्या शेतीसाहेबानं आमच्याकडच्या डोंगरांत राबाविना रोप वाढवून बघायचा प्रयोग केला होता. नुसतं शेणखत, आग नाही, तोड नाही. गावातल्या एका शेतकऱ्याच्या जमिनीवर नमुन्याचा वाफा केला, तो उत्तम आला, आणि साहेबानं त्या शेतकऱ्याची इंग्रजीत तोंड भरून तारीफ केली होती, की असा समजूतदार, सुधारणेची आवड असलेला माणूस या भागात विरळा. खाली त्याचं नाव होतं. देवजी. गाव आमचं. देवजी म्हणजे माझा आजा.

मी त्या दफ्तरखान्यात उभाच राहिलो. आमच्या घरात आधुनिकता माझ्यापासून सुरू झाली असं मी समजत होतो, आणि ती तर दोन पिढ्या आधीच येऊन बसली होती! तो आख्खा आठवडा मी हवेत होतो. प्रबंधाचं एक प्रकरण आज्यावर, हे ठरलं. लगोलग वीस पानं लिहिली. त्यात मी एक शोध असाही लावला, की आमच्या घरी राब अगदी शेवटी भाजायची रीत आहे, सगळ्या गावाचे राब भाजून थंड होतात तेव्हा कुठे बा आमचा पेटवतो, तर ही राबाविषयीची अनास्था म्हणजे आज्याकडून चालत आलेल्या नव्या दृष्टीची खूण असावी. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी त्याच्याखाली रेघ मारली होती.

कागदाची प्रत मी बाला वाचून दाखवली. त्याला मोठा आनंद होईल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "नाव लिवला आहा त्याचा? साहेबानं?" हो म्हणालो. मग तो बैल बांधायला गेला. मला वाटलं, संकोच. आमच्याकडची माणसं स्वतःच्या घरचं कौतुक ऐकून घेत नाहीत.

मृणालला मी ती फाईल मोठ्या दिमाखात दाखवली. दाखवायला नको होती, पण मग माझ्याकडे तिच्यापेक्षा काही जास्त आहे हे तिला कळणार कसं? ती वाचून उडालीच. "सर, हे केवढं मोठं आहे! तुमच्या वडिलांना यातलं काही आठवत असेल ना? मी बोलू त्यांच्याशी?" मी म्हणालो, बोला की, पण बा काही बोलायचा नाही. बा बोलत नाही हे मला ठाम माहीत होतं. माझ्याशी तो तीस वर्षांत बैल, पाऊस आणि पोस्टातलं पत्र याखेरीज काही बोलला नव्हता.

पुढच्या शनिवारी घरी गेलो तर ओट्यावर बा बाजेवर बसलेला, समोर मृणाल, मध्ये टेप. आणि बा बोलत होता. हात हलवून बोलत होता. मी अंगणात आलो तसा थांबला आणि म्हणाला, "पाणी घे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी मी घेतलंच नाही. मागच्या दारानं जाऊन उगाच लाकडं फोडत बसलो. ती तीन दिवस येत होती म्हणे, मी जव्हारला वर्गात असताना. बानं तिला करवंदाच्या जाळीपर्यंत नेऊन आणलं होतं, आज्याचा तो वाफा कुठे होता ते दाखवलं होतं. मला ती जागा तोवर माहीत नव्हती. मला बापाचा, बापाच्या आवाजाचा, त्या जागेचा, सगळ्याचा हेवा वाटला. लहान पोरासारखा. बत्तिसाव्या वर्षी.

आता, त्या धुराच्या दिवसांत एस.टी.त बसल्या बसल्या, मला कधी कधी वाटतं की हेवा ही गोष्ट आपण फार हलकी समजतो. प्रेम करायला माणसाला धीर लागतो, रागाला कारण लागतं. हेव्याला काहीच लागत नाही. तो आपला आपण वाढतो आणि अभ्याससुद्धा करतो. तिची वही कुठल्या पानावर उघडी आहे, बानं तिला कुठला पेला दिला, मला कुठला, हे सगळं मला आजही धडाधड सांगता येईल.

चैत्राच्या शेवटी तिला परत जायचं होतं. जाताना तिनं माझ्या हातात सहा कॅसेटी ठेवल्या. "सर, एक मोठं काम आहे. तुमच्या वडिलांचं बोलणं मला निम्मंसुद्धा कळलेलं नाही हो. शेवटी शेवटी तर ते पूर्ण तुमच्या बोलीतच बोलत होते. पण इतकं छान बोलत होते की थांबवावंसं वाटलं नाही. हे मराठीत उतरवून द्याल? तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तिला बा आवडला होता.

माझ्याकडे टेप नव्हता. जव्हारच्या बाजारात शब्बीरभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मागच्या बाजूला स्टुलावर बसून, कानाला हेडफोन लावून मी रोज कॉलेज सुटल्यावर ऐकायचो आणि उतरवायचो. चार कॅसेटी आवणी म्हणजे भातलावणी, जत्रा, साहेबाचा घोडा, साहेबाची टोपी. मी भराभर लिहीत होतो आणि जळत होतो, कारण सगळं पहिल्यांदा ऐकत होतो. पाचवीची दुसरी बाजू लावली. तिथे बा घरच्या बोलीत शिरला. त्याचं बोलणं जसंच्या तसं दिलं तर बाहेरच्या वाचकाला लागायचं नाही, म्हणून थोडं सोपं करून देतो.

"बाई, तुला आमची बोली समजं नाय ना?" बा विचारतो. मृणालचा आवाज येतो, "हो हो, बोला ना बाबा."

"बरा. मंग आयक. साहेबानं माझ्या बाला सांगला, यंदा तू राब भाजायचा नाय. नुसता शेण टाक आन बी टाक. माझा बा हां बोलला. साहेबाला नाय कोण बोलंल? पण त्याचा जीव होयना. कच्च्या भुईत बी टाकायचा म्हंजे लेकराला उपाशी निजवल्यावाणी वाटं त्याला. मंग ज्या दिशी सगळा गाव राब भाजीत होता, भर दुपारी, त्या दिशी त्यानं आपला पण भाजला. पातळसा. साहेब गेलेला जव्हारला. सगळ्या डोंगराला धूर, त्यात आमचा धूर कोण बघतो? टाहाळ मी उचलून दिला. दुसऱ्या दिशी माती उलटी केली, वरतून ओला शेण पसरला. साहेब आला, रोप बघला, लय खूस झाला. माझ्या बाच्या पाठीवर हात ठेवला त्यानं."

"अच्छा," मृणाल म्हणते. "छान."

"पुढच्या सालाला हुकूम आला, कोणी फांदी तोडायची नाय. देवजीचा रोप बिनराबाचा आला, तुमचा का येणार नाय? दोन साल गावानं कच्च्या भुईत बी टाकला. रोपात गवतच गवत. आवणीला रोप पुरला नाय. लोकं घाटाखाली कामाला गेली. कोण आली, कोण तिकडंच राहली. आन मला साहेबानं जव्हारच्या शाळंत घातला. गावाला समदा ठावा आहा. पण तोंडावर कोण बोलला नाय आजपावतर. माझा बा मरंपावतर समद्या गावाचा राब भाजून झाल्याबिगर आपला पेटवं नाय. त्याच्यामागं मी पण तसाच."

मग थोडा वेळ नुसती टेपची खरखर. कुठे तरी कोंबडा. मग बा म्हणतो, "माझ्या पोराला, काशाला, सांगू नको. तो मुंबयसून कागुद घेऊन आला आहा, त्यात आज्याचा नाव. लय खूस आहा तो. तुला का सांगतो? पोटात ठेवून ठेवून मी म्हातारा झालो. तू तुझ्या गावाला जाशील. आन तुला समजला पण नाय."

"बरोबर आहे, बाबा," मृणाल मनापासून म्हणते.

मी हेडफोन काढले असावेत, कारण शब्बीरभाईंचा आवाज आला. "क्या सर, टेप अटकली काय? द्या, साफ करून देतो."

"नाही, ठीक आहे," मी म्हणालो.

"मग पाणी आणू का? तोंड बघा कसं झालंय."

आता जे सांगतो त्यावर कुणी विश्वास ठेवावा की नाही, मला माहीत नाही. गावाचे हाल, आज्याची लबाडी, माझ्या वीस पानांची झालेली माती, हे सगळं मला नंतर लागलं. सगळ्यात आधी लागलं ते हे, की बानं तिला सांगितलं. साठ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यानं काढली, आणि काढून ठेवली कुठे, तर जिला तिची किंमत कळणार नव्हती, भाषा कळणार नव्हती, जी छान म्हणून मान हलवत होती, तिच्यापुढे. मी दहा हातांवर लाकडं फोडत होतो.

मग बाकीचं एकेक करून लागत गेलं. पंचावन्न घरांत मला फक्त हातपंप का मिळाले, निदान आमच्या पाड्यावर तरी का मिळाले, ते कळलं. देवजीच्या नातवानं राबाबद्दल विचारावं आणि लोकांनी सांगावं? रेघ मारलेलं ते वाक्य आठवलं आणि कानशिलं तापली. आणि हेही कळलं की साहेबानं बाला शाळेत घातलं नसतं तर बानं मला घातलं नसतं. माझी चौथी, माझी दहावी, माझं एम.ए., माझा दीड ओळीचा विषय, हे सगळं त्या वाफ्यात उगवलं होतं. साहेबाच्या फाईलीत आधुनिकता होती ती खोटी होती, आणि तिच्यातून आलेला मी मात्र खरा होतो. यावर एखाद्या हुशार माणसानं मोठा प्रबंध लिहिला असता.

मृणालनं लिहिला असता. मला ते लख्ख दिसत होतं. तिला ही कॅसेट नीट उतरवून दिली तर ती ह्या एका दुपारच्या धुरावर असं काही लिहील की पुन्हा कुणी ह्या विषयाला हात लावणार नाही. माझ्या बापानं तिला दिलेलं सोनं मीच माझ्या हातानं धुऊन पुसून तिच्या ओंजळीत टाकायचं? बाची अब्रू, आज्याची अब्रू, असं मी त्या वेळी स्वतःला पुष्कळ समजावलं. ते खोटं नव्हतं. पण त्याहून मोठा हेवाच होता. आज मान्य करायला काही वाटत नाही.

मी कोरे कागद घेतले आणि वळणदार अक्षरात साडेतीन पानं लिहिली. त्यात बा सांगतो, की माझ्या बापानं साहेबाचं ऐकलं, राब भाजला नाही, शेणखतावर रोप तरारून आलं, गावानं बघितलं, आमचं घर तेव्हापासून सुधारलं. मध्ये मध्ये बाच्या तोंडचे शब्द घातले, खरे वाटावेत म्हणून. एका ठिकाणी कोंबडा आरवल्याचंही कंसात लिहिलं. सहा कॅसेटी आणि कागदांचा गठ्ठा पार्सल करून पुण्याला पाठवला. तिचं उलटटपाली पत्र आलं. तुमचे उपकार कसे फेडू, असं त्यात होतं.

माझा प्रबंध झाला नाही. आज्याचं प्रकरण ठेवता येईना, काढताही येईना. मार्गदर्शकांची पत्रं येत राहिली, मग थांबली. मी मुलांना अकरावीचा इतिहास शिकवत राहिलो. दर फाल्गुनात बा गावातले सगळे धूर विझायची वाट बघत ओट्यावर बसायचा, आणि मी त्याच्याकडे बघायचो. मला कळलंय हे त्याला कधीच कळलं नाही. तो सांगत नव्हता, मी विचारत नव्हतो. मध्ये एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण मग कुठून कळलं हेही सांगावं लागलं असतं, आणि ते पार्सलही.

पुस्तक आलं सहा-सात वर्षांनी, चैत्रातच. जाड, इंग्रजी, गुळगुळीत. आभाराच्या पानावर माझं नाव होतं, बाचं नाव होतं. तिसरं प्रकरण देवजीवर. हे मी अपेक्षिलं होतं. तिनं फाईल आणि मुलाखत, दोन्ही पुरावे शेजारी शेजारी ठेवले होते आणि म्हटलं होतं, की आधुनिकता वरून लादली गेली असं आपण म्हणतो, पण इथे एका डोंगरातल्या शेतकऱ्यानं ती स्वतःहून हाती घेतलेली दिसते. फार सुंदर लिहिलं होतं. माझ्या साडेतीन पानांवर ते सगळं उभं होतं आणि तरीही ते तिचंच होतं. मला पुन्हा हेवा वाटला. माझ्याच खोटेपणाचं तिनं इतकं चांगलं काही केलं याचा.

बाला तोवर मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं. "बाईचा बुक आला काय?" त्यानं पानांवरून हात फिरवला. "वाच." मी म्हणालो, इंग्रजीत आहे. "मंग सांग आमच्यात." ओट्यावर ऊन आलं होतं. मी एकेक वाक्य घरच्या बोलीत आणत गेलो. त्या दुपारी मला हवं ते वाचता आलं असतं. त्याला तपासायला कुणी नव्हतं. पण एकदा केलं तेवढं पुरे झालं होतं, मी जे छापलं होतं तेच वाचलं. देवजीनं राब भाजला नाही. बिनराबाचा रोप उत्तम आला. त्याच्या मुलानं असं असं सांगितलं.

बा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "हा बाईनं लिवला आहा?"

"हां."

"तिच्या मशिनीत मी असा बोललो?"

मी पुस्तकात बघत म्हणालो, "हां, बा."

"असा?" त्यानं कपाळाला हात लावला, आठवायला लागला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. "मंग तसाच आसंल. बाई खोटी नव्हती. माझ्याच डोक्यात कायतरी गुतला म्हातारपणात." मग हळूच, जवळजवळ स्वतःशी, "म्हंजे माझ्या बानं राब भाजलाच नाय. आन मी येवढा जलम गावात मान खाली घालून चाललो."

हे मी सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं. पोरगा बापाची समजूत काढतोय म्हणाला असता. तिचं होतं म्हणून पटलं. इतकं वाईट मला त्या सबंध सात वर्षांत वाटलं नव्हतं, आणि इतका हेवाही.

बा उठला. काठी शोधली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि ते पुस्तक काखेत मारलं.

"कुठं चाललास?"

"गावात. सांगून येतो."

मला म्हणता आलं असतं, बा, थांब. त्या पाड्यावर एकही म्हातारा नव्हता ज्याला खरं ठाऊक नव्हतं. त्यांच्याच बापांचं रोप गवतात गेलं होतं, त्यांचेच चुलते घाटाखाली गेले होते ते आलेच नव्हते. बा अंदाजानं पायऱ्या उतरला, आणि मी ओट्यावर बसून राहिलो. तो एकेका दाराशी थांबत होता. लांबून आवाज येत नव्हता, नुसतं दिसत होतं. तो पुस्तक पुढे करत होता, माणसं ते हातात घेत होती, बघत होती, परत देत होती.

तिन्हीसांजेला तो परत आला. दमला होता. बाजेवर बसला, पाणी मागितलं, मी दिलं.

"काय बोलली लोकं?" मी विचारलं.

बानं पेला खाली ठेवला. "समदी हां बोलली," तो म्हणाला.